तीन दुडम

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात,
पॅकिंगच्या वरच्या खोलीत
मला एक जुना कॉम्प्युटर आणि चारशे बारा फायली दिल्या.
म्हणाले, बिराजदार मॅडम, जरा लायब्ररी लावून टाका.
लावून टाका. कपाटात चादरी लावतात तसं.

खाली माग सुरू झाले की वर माउस आपोआप हलतो.
एप्रिल. पंखा गरम हवाच वाटून देतो सगळ्यांना,
सारखी.

फायलींची नावं: नवीन, नवीन दोन, फायनल,
फायनल हीच घ्यावी.
मागाची मॅन्युअलं, रंगाच्या कृती, विम्याचे नियम,
आणि कुणी स्कॅन केलेली एक रहस्यकथा,
जिच्या छत्तिसाव्या पानावर खून होतो
नेमका स्कॅन करणाऱ्याच्या अंगठ्याखाली.

सॉफ्टवेअर फुकटातलं, पण शहाणं.
प्रत्येक फायलीला कप्पे देतं: नाव, लेखक, भाषा.
भाषेपाशी मी अडले.
रंगखात्याची वही मराठीत सुरू होते,
मापं तेलुगूत, शिव्या कन्नडमध्ये.
कप्पा एकच.
मराठी लिहिलं आणि पुढं गेले,
जसं शिरगणतीवाला जातो आमच्या गल्लीतून.

मग रूपांतर.
जुन्या फाँटातला मजकूर नव्यात ओतला
तर रफार उडून शेजारच्या घरी जाऊन बसले.
कर्मचारी झाले कमर्चारी, सूर्य झाला सूयर्.
एकेक रफार उचलून ज्याच्या त्याच्या डोक्यावर ठेवत गेले,
समोरची नरसव्वा विड्या वळते तसं,
गप्पा न थांबवता.

सुट्टीत मल्लिनाथ डाइंगवरून वर येतो,
बोटं नखांपर्यंत निळी.
"ते पीडीएफ मोबाईलवर बघायचं म्हणजे मॅडम,
दाराच्या फटीतनं गड्ड्याची जत्रा.
डावीकडं सरकवा, उजवीकडं सरकवा,
ओळ सापडंपर्यंत रंग उकळून जातोय."
आता अक्षर मोठं केलं की ओळ आपली आपण दुमडते.
त्यानं केलं, पार एका ओळीत तीन शब्द उरेपर्यंत.
कडक भाकरी मोडत वाचत बसला.
शेंगाचटणी स्क्रीनवर सांडली, ती फुंकली,
तर पान उलटलं.

चारला सॉफ्टवेअरनं विचारलं:
अंबादास दुडम, अ. ना. दुडम, दुडम मास्तर,
हे तिघे एकच आहेत का? एकत्र करू?

अंबादास म्हणजे पगारपत्रकातले. माझ्या आधीचे.
अ. ना. म्हणजे तेच, जकार्डचं जाड इंग्रजी पुस्तक
दोन उन्हाळे बसून मराठीत उतरवणारे.
त्यांनी भोकं पाडलेली कार्डं स्टोअरात अजून लटकतात,
कागदावरचा मोर कार्डावर, कार्डावरचा चादरीवर.
तेही रूपांतरच, पण मोराची मान
कधी शेजारी जाऊन बसली नाही.
मास्तरांच्या नावावर एकच फाइल, सात पानांची:
रंग बिघडल्यास काय करावे.
पहिलं वाक्य, आधी चहा प्यावा.

हो दाबणार होते.
सहज जिन्यातून खाली ओरडून विचारलं.
बॉबिनवरच्या गोविंदम्मा हसल्या, माग बंद पडेल इतक्या.
"मास्तर? अंबादास न्हवं. त्याची बायको, राजव्वा.
रंग तीच बघायची. पोरं चेष्टेनं मास्तर म्हणायची,
मग चेष्टा राहिली, मास्तर राहिलं."

आता जुळे सोलापुरात असते, लेकीकडं.
फाइल पाठवू का तिला?
"तिला कुठं वाचता येतंय.
ती सांगायची, कोणतरी लिहून घ्यायचं."
कोण?
गोविंदम्मांनी धागा दातानं तोडला.
"कोण असतंय. जो मोकळा असंल तो."

वर आले. नाही दाबलं.
लेखकाचा कप्पा एकच.
राजव्वा दुडम, लिहिलं.
खाली पाळी बदलली, माग थांबले,
माउस पहिल्यांदाच जागच्या जागी होता.
पुढं गेले नाही लगेच.